पाइपात पाणी शिरणारच

हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी मंडळी जमली की गप्पा अँटेनाच्या आणि टॉवरच्या. 2001 साली भूजच्या भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा याच छंदातल्या लोकांनी रेडिओवरून निरोप पोचवले, हेही आवर्जून निघतं. अंगणातल्या टॉवरपासून खोलीतल्या सेटपर्यंत सिग्नल आणणाऱ्या केबलचा विषय मात्र क्वचितच निघतो. ही कोअ‍ॅक्सिअल केबल उघड्यावर टाकली की उन्हाने तिचं आवरण कडक होतं, उंदीर दात लावतात, गवत काढताना विळा बसतो. म्हणून चर खणायचा आणि ती पाइपातून न्यायची. पाइप कोणता, इथे खरा प्रश्न सुरू होतो.

बहुतेकांचा समज असा, की पाइप केबलला कोरडं ठेवण्यासाठी असतो. तसं होत नाही. सांधे कितीही चोख चिकटवले तरी दोन्ही तोंडांतून दमट हवा आत जाते, रात्री गारठते आणि तिचं पाणी होतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. तेव्हा जमिनीतल्या पाइपात पाणी असणारच, हे धरूनच चालायचं. पाइपाचं काम वेगळं आहे: केबलला फावड्यापासून आणि घुशींपासून वाचवायचं, आणि ती खराब झाली की पुन्हा न खणता बदलू द्यायची. हे एकदा पटलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पहिला निर्णय मापाचा. नेहमीच्या वापरातली आरजी-213 केबल 10.3 मिमी जाड. तिच्या टोकाचा पीएल-259 कनेक्टर मात्र जवळपास 19 मिमी. इलेक्ट्रिशियन घरात वापरतो त्या 25 मिमी पाइपातून एक कनेक्टर कसाबसा सरकेल. पण आत आधीच एक केबल असेल तर दुसरी अडकलीच. तीन किंवा जास्त केबल असतील तर त्यांनी पाइपाच्या पोकळीचा 40 टक्क्यांहून जास्त भाग व्यापू नये, असा वायरिंगमधला जुना दंडक आहे. हॅमने तर आजच्या केबल मोजूच नयेत. उद्या दुसरी अँटेना येते, ती फिरवणाऱ्या रोटेटरची वायर येते. म्हणून 50 मिमीच्या खाली जाऊ नये. 75 किंवा 110 मिमी घेतला तर पुढे डोकेदुखी नाही.

दुसरा निर्णय जातीचा. सांडपाण्याचा करडा एसडब्ल्यूआर पाइप गावोगावच्या हार्डवेअर दुकानात मिळतो, आतून गुळगुळीत असतो; मुरमाड किंवा जांभ्याच्या जमिनीत तो छान टिकतो. काळ्या मातीचं तंत्र निराळं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कडक पीव्हीसीचे सांधे उखडते. तिथे लवचिक एचडीपीई बरा. डबल वॉल पाइप बाहेरून वळ्यांचा, आतून सपाट असतो, तो चालतो. आतूनही वळ्या असलेला स्वस्त लवचिक पाइप टाळावा, कारण प्रत्येक वळीत पाणी साचतं आणि ओढताना कनेक्टर अडतो. ऑप्टिकल फायबरसाठी टाकतात त्या 40 मिमी पीएलबी डक्टला आतून गुळगुळीत अस्तर असतं, सांधेही कमी लागतात. पण आतला व्यास 33 मिमी. एका जाड केबलला उत्तम, गर्दीला नाही.

वळणाला एल्बो लावायचा मोह आवरावा. काटकोनी एल्बोत कनेक्टर रुततो, आणि केबल तिथे दबली की आतली तार मध्य सोडते. लांब बेंडच घ्यावा. चर दीड ते दोन फूट खोल, तळाला वाळू, आणि मीटरमागे किमान 1 सेंटिमीटर उतार. खालच्या टोकाला खडी भरलेला छोटा चेंबर केला की साचलेलं पाणी मुरतं. काळ्या मातीत पाइपाला तळाशी भोकं पाडली तर पाणी जाण्याऐवजी खालूनच वर येतं. वरची तोंडं छत्रीच्या मुठीसारखी खाली वळवावीत आणि जाळीने बंद करावीत. केबलचा जोड पाइपाच्या आत कधीच नको. जाळीदार तांब्यात एकदा पाणी शिरलं की ते केबलभर पसरतं आणि सिग्नल खातं.

दोन गोष्टी या पाइपाबाहेर ठेवायच्या. एक, 230 व्होल्टची वायर. तिला वेगळा पाइप. दुसरी, विजेपासून संरक्षणाची अर्थिंग वायर. ती उघडी, थेट मातीत पुरलेली हवी, म्हणजे वीज वाटेतच जमिनीत उतरते. टॉवरचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडलेलं असावं आणि केबल भिंतीतून आत येते तिथे लाइटनिंग अरेस्टर.

ओढायची दोरी आत घालायची युक्ती गमतीची आहे. एका टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा सैल बोळा, त्याला बारीक सुतळी. दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर. बोळा क्षणात पलीकडे पोचतो. सुतळीला नायलॉनची दोरी, दोरीला केबल. केबल ओढताना तिच्यासोबत एक जादा दोरीही जाऊ द्यावी, नाहीतर पुढची केबल घालताना पुन्हा बोळ्यापासून सुरुवात.

खर्चाचा मोठा भाग पाइपात नसतो, चर खणण्याच्या मजुरीत असतो. म्हणून चर उघडा असतानाच शेजारी एक रिकामा पाइप टाकून ठेवावा आणि बुजवण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढावेत. काही वर्षांनी अंगणात जेसीबी येतो तेव्हा पाइप नेमका कुठे आहे हे घरात कुणालाच आठवत नाही.