सादाहारू ओ : विक्रम कोणाचा?

सादाहारू ओ यांचा जन्म १९४० साली टोकियोत झाला. आई जपानी, वडील चिनी. म्हणून नागरिकत्वही चिनी. १९५७च्या वसंतात या मुलाच्या गोलंदाजीवर त्याच्या शाळेने कोशियेनची बेसबॉल स्पर्धा जिंकली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात मात्र, जपानी नागरिक नाही एवढ्याच कारणाने, त्याला खेळू दिले गेले नाही. परक्या देशात मुले वाढविणाऱ्या आम्हांला ही हकीकत सहज ओलांडून पुढे जाता येत नाही.

पुढे योमिउरी जायंट्सकडून, एक पाय उचलून फटका मारण्याच्या आगळ्या शैलीने, ओ यांनी ८६८ होमरन केले. १९७७ साली त्यांनी अमेरिकेच्या हँक आरन यांचा ७५५चा आकडा मागे टाकला आणि जपानच्या पंतप्रधानांनी पहिला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार त्यांनाच दिला. पारपत्र तेव्हाही बदललेले नव्हते!

व्यवस्थापक म्हणून त्यांनी हॉक्स संघाला १९९९ व २००३ साली, तर जपानला २००६ साली पहिले जागतिक विजेतेपद मिळवून दिले. तरीही आम्हांला अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. एका मोसमात ५५ होमरन हा ओ यांचा १९६४चा विक्रम. १९८५ साली अमेरिकन रँडी बास ५४वर पोहोचले, तेव्हा ओ यांच्याच संघाचे गोलंदाज मुद्दाम बॅटच्या आवाक्याबाहेर चेंडू टाकत राहिले. २००१ साली टफी रोड्स यांच्याबाबतीत तेच घडले. परदेशी माणसाने हा विक्रम मोडू नये, असे हॉक्सच्या एका प्रशिक्षकाने उघड सांगितले. आपण तसा आदेश दिला नव्हता, असे ओ म्हणाले. पण थांबवलेही नाही, हे आम्हांला खुपते.

२०१३ साली कुरासाव बेटावरच्या व्लादिमीर बॅलेंटिन यांनी ६० होमरन करून तो विक्रम मोडला.