कोयता आणि पुरुषार्थ

मुंबईच्या इतिहासात जानेवारी १९८२ हा महिना दोन घटनांनी लक्षात राहिला आहे. ११ तारखेला महाविद्यालयात शिकलेला मन्या सुर्वे वडाळ्यास पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. १८ तारखेस सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. या घटनांत कार्यकारणभाव नव्हता. पण पुढे गुन्हेगारी आणि बेकारी हे दोन्ही प्रवाह गिरणगावच्या चाळींत एकमेकांस मिळाले.

भोंगे थांबले आणि घरचा कर्ता पुरुष गॅलरीत बसून राहू लागला. आई डबे करून संसार ओढू लागली. बापाच्या शब्दाचे वजन उतरले, त्याच वेळी नाक्यावर ‘भाई’ उभा होता. त्याच्याकडे नोकरीसाठी अर्ज लागत नव्हता. लोक आपल्याला भितात, म्हणजे आपण पुरुष झालो, असे पोरांना वाटू लागले. पोरे पुढे झाली, मेली, तुरुंगात गेली. सूत्रधार मात्र मागेच राहिले.

तथापि सारा दोष बेकारीच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. इंदूरच्या स्नेहलतागंजातील मराठी वाचकाला गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तेथील हुकुमचंद मिलच्या कामगारांची थकबाकी चुकती होण्यास डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. पण मुंबईत काय किंवा इंदुरात काय, काम गमावलेल्यांच्या बहुसंख्य मुलांनी हमाली केली, रिक्षा चालवल्या, घर सावरले. त्यांच्या मर्दुमकीच्या कथा कोणी सांगितल्या नाहीत, एवढेच.

२०२२-२३ पासून पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ झाला, तो कोणती गिरणी बंद पडली म्हणून नव्हे. ज्या कोयत्याने आपल्याकडे शहाळे फोडतात, देशावर ऊस तोडतात, ते श्रमाचे साधन मिसरूड न फुटलेली मुले रस्त्यावर परजतात आणि त्याची चित्रफीत मिरवतात. २०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर घोर अपराधासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी केली. पण कायदा येतो तो घाव पडल्यानंतर. त्याआधी घर असते. ‘मुलीसारखा रडतोस काय, दोन ठेवून ये’ असे ज्या घरात कौतुकाने सांगितले जाते, तेथे पहिला कोयता आपणच हाती देतो, हे वडीलधाऱ्यांनी ओळखले पाहिजे.

याच मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू हा बावीस वर्षांचा गिरणी कामगार परदेशी कापडाच्या ट्रकपुढे निःशस्त्र आडवा झाला आणि मागे हटला नाही. त्याला कोणी भ्याले नव्हते; तोच कोणाला भ्याला नाही. पुरुषार्थ म्हणतात तो हाच. आपल्या मुलांना त्याचे नाव ठाऊक आहे काय, हे आज रात्री जेवताना प्रत्येक बापाने विचारून पाहावे.