हातांतील खेळयंत्र आणि स्पॅनिश भाषा

परभाषा शिकण्याचीं साधनें काळाबरोबर बदलत आलीं आहेत. पूर्वी व्याकरण, शब्दकोश आणि गुरुजींची छडी यांवर सारा भार असे. पुढें ध्वनिमुद्रिका आल्या, रेडिओ आला. आणि आतां तर मुलांच्या हातांतील खेळाचें यंत्रहि या कामीं येऊं लागलें आहे. हें ऐकतांच पुष्कळ पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील. ज्या यंत्रापायीं मुलगा हांक मारली तरी ओ देत नाहीं, तेंच यंत्र त्याला स्पॅनिश शिकवील यावर त्यांचा विश्वास बसूं नये, हें स्वाभाविकच आहे. तथापि स्पेनपासून मेक्सिको व अर्जेंटिनापर्यंत सुमारें वीस देशांची जी राजभाषा, ती जर खेळतां खेळतां थोडीफार पदरांत पडत असेल, तर ती किती पडते आणि कशी पडते याचा विचार शांतपणें करावा, असें आम्हांस वाटतें.

जपानांतील निंटेंडो कंपनीनें १९८९ मध्यें 'गेम बॉय' नांवाचें हातांत धरून खेळावयाचें यंत्र काढलें. त्याच घराण्यांतील 'डी. एस.' हें यंत्र २००४ मध्यें निघालें. याला दोन पडदे असून खालच्या पडद्यावर बारीक काडीनें लिहितां येतें, आणि बोललेलें टिपून घेण्याचीहि सोय त्यांत आहे. लिहिणें, वाचणें, ऐकणें आणि बोलणें या चारी गोष्टी एका लहानशा डबींत आल्यामुळें भाषेचे पाठ देणारे खेळ निघणें क्रमप्राप्तच होतें. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'माय स्पॅनिश कोच' हा त्यांपैकीं एक. तो २००७ मध्यें बाहेर पडला. प्रारंभीं तो शिकणाऱ्याची परीक्षा घेऊन त्याला योग्य पाठावर बसवितो. मग थोडे थोडे शब्द देतो आणि तेच शब्द निरनिराळ्या लहान खेळांतून पुनःपुन्हां समोर आणतो. अक्षरांच्या चौकटींत दडलेला शब्द शोधावा, पत्त्यांच्या जोड्या लावाव्या, आपला उच्चार यंत्रांत भरून तो मूळ उच्चाराशेजारीं ठेवून ऐकावा, असे हे खेळ आहेत. शब्द पक्के झाल्यावांचून पुढचा पाठ उघडत नाहीं. हें यंत्र बनविणें आतां बंद झालें असलें, तरी जुनीं यंत्रें अद्यापि हातोहात फिरत असतात.

दुसरा मार्ग याहून आडवळणाचा, पण आमच्या मतें अधिक मनोरंजक आहे. तो म्हणजे भाषा शिकविण्यासाठीं नव्हे, तर केवळ खेळण्यासाठीं केलेला एखादा खेळ स्पॅनिशमध्यें खेळणें. पोकेमॉनच्या खेळांपैकीं 'एक्स' आणि 'वाय' हे २०१३ मध्यें निघाले, तेव्हां त्या मालेंत प्रथमच एका खेळांत सात भाषांतून एक निवडण्याची मुभा मिळाली. मौज अशी, कीं एकदां निवडलेली भाषा त्यांत पुढें बदलतां येत नाहीं. बदलावयाची तर मिळविलेलें सारें पुसून पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. स्पॅनिश निवडलेल्या मुलाचा परतीचा पूलच मोडलेला असतो म्हणा ना! लढावें कीं पळावें, पिशवींतून औषध काढावें कीं नाहीं, दुकानांत घ्यावें कीं विकावें, हें प्रत्येक क्षणीं ठरवावयाचें आणि तें स्पॅनिश शब्द वाचूनच ठरवावयाचें. 'लुचार' म्हणजे लढणें, 'उईर' म्हणजे पळून जाणें, 'मोचिला' म्हणजे पाठीवरची पिशवी. घोकून न येणारे शब्द येथें गरजेपोटीं येतात. शिवाय चूक झाली तरी हंसणारे कोणी नसतें, आणि वर्गांत तोंड न उघडणाऱ्या मुलाला हें सर्वांत मोठें सुख होय.

पुनःपुन्हां भेटल्यानें शब्द टिकतात, ही गोष्ट नवी नाहीं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेळानें विसरतात हें मोजलें, आणि १८८५ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवें पाठांतर प्रथम झपाट्यानें व मग सावकाश ओसरत जातें, आणि तीच उजळणी एका बैठकींत न करतां अनेक दिवसांवर वांटली तर थोड्या श्रमांत अधिक टिकते, असें त्यांनीं दाखविलें. म्हणून रविवारीं चार तास खेळणाऱ्यापेक्षां रोज वीस मिनिटें खेळणाऱ्याच्या पदरांत अधिक पडेल. पालकांस वेळेची मर्यादा घालावयास यापेक्षां चांगलें कारण सांपडणार नाहीं.

परंतु या विषयांतील खरी मेख निराळीच आहे. 'माय स्पॅनिश कोच' मधील सारें विवेचन इंग्रजींत आहे, कारण तो इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीं रचलेला आहे. आपला विद्यार्थी तें इंग्रजींतून समजून घेऊं लागतो, आणि जी गोष्ट त्याच्या घरचीच होती ती त्याला परकी वाटूं लागते. 'मे गुस्ता एल पान' हें स्पॅनिश वाक्य घ्या. (येथें 'पान' म्हणजे आपला पाव, झाडाचें पान नव्हे.) इंग्रजींत ज्याला आवडतें तो कर्ता होतो, आणि म्हणून ही रचना इंग्रज मुलांना उलटी वाटते, ती समजावून देण्यांत पुस्तकें पानेंच्या पानें खर्च करतात. मराठी मुलाला मात्र 'मला पाव आवडतो' एवढें म्हटलें कीं झालें. पुस्तकें पुष्कळ असलीं तर स्पॅनिशमध्यें 'मे गुस्तान लोस लिब्रोस' होतें. मराठींतहि 'मला पुस्तकें आवडतात' असेंच होतें. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूच्या मागें जातें, माणसाच्या नव्हे.

दुसरें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. 'मी घर पाहतों' यांत घराला प्रत्यय लागत नाहीं, पण 'मी भावाला पाहतों' यांत भावाला 'ला' लागतो. स्पॅनिशमध्यें नेमकें हेंच घडतें. 'बेओ ला कासा' म्हणजे मी घर पाहतों. 'बेओ आ मि एर्मानो' म्हणजे मी माझ्या भावाला पाहतों. हा जास्तीचा 'आ' इंग्रज विद्यार्थी वर्षानुवर्षें विसरतो. आपल्या मुलानें 'ला' आठवला कीं पुरे.

उच्चारांतहि तसेंच आहे. स्पॅनिशमधील 'त' आणि 'द' दांतांना जीभ लावूनच उच्चारतात. इंग्रजीच्या संवयीनें 'टॅको' म्हणणाऱ्यानें 'ताको' म्हणावें. 'तू' हा शब्द तर उच्चारानें आणि अर्थानें जसाच्या तसा आहे. आदरार्थीं निराळें सर्वनाम आहे, आणि वडील माणसाला कसें संबोधावें हें मराठी मुलाला शिकवावें लागत नाहीं. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, गोव्यांत तर १९६१ पर्यंत होते. त्यांच्या भाषेंतून चावी, बादली, पगार हे शब्द आपल्याकडे आले. पोर्तुगीज व स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. त्यामुळें स्पॅनिशमध्यें बादलीला 'बाल्दे' म्हणतात, आणि 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणें. इंग्रजींत मागें पडणारा मुलगा 'मला परभाषा येणारच नाहीं' अशी समजूत करून बसतो. स्पॅनिश त्याला मराठींतून भेटली, तर ती समजूत पहिल्या महिन्यांतच ढळण्याचा संभव आहे.

अडचणी नाहींत असें नाहीं. आपण जेथें एकच 'असणें' वापरतों, तेथें स्पॅनिशला 'सेर' आणि 'एस्तार' अशीं दोन क्रियापदें लागतात. 'एस आबुर्रीदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, आणि 'एस्ता आबुर्रीदो' म्हणजे तो कंटाळलेला आहे; अदलाबदल झाली तर पाहुण्याचा अपमान व्हावयाचा! येथें मराठीची मदत नाहीं. तसेंच 'पेरो' म्हणजे परंतु आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. तो घोळून काढलेला 'र' जिभेला कष्टानेंच बसतो, आणि पोकेमॉनसारख्या खेळांत संवाद केवळ लिहिलेले असल्यामुळें तो कानावर पडतहि नाहीं. म्हणून पडद्यावरचें वाक्य मोठ्यानें वाचण्याची संवय लावावी. घरांतल्या मंडळींनीं थोडा गोंगाट सोसावा.

याहून मोठा धोका बोटांचा आहे. चार दिवसांत मुलाच्या बोटाला 'लढणें' कोठें आहे हें ठाऊक होतें. मग डोळा शब्द वाचतच नाहीं. मूल तासन्‌तास खेळतें, आणि पालकांस वाटतें कीं स्पॅनिश चालली आहे. याची पारख सोपी आहे, आणि स्पॅनिशचें एक अक्षर न येणाऱ्या आईलाहि ती करतां येते. यंत्र बाजूला ठेवून वहींत आजचे दहा शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ लिहावयास सांगावें. सहासात आले तर खेळ चालूं द्यावा. दोनच आले तर त्या दिवशीं नुसता खेळच झाला असें समजावें. एवढें करूनहि बोलतां येईल असें नाहीं, कारण यंत्र प्रश्न ठरलेलेच विचारतें आणि अनपेक्षित उत्तर त्याला कळत नाहीं. त्यासाठीं जिवंत माणूसच पाहिजे.

शेवटीं निवडीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. स्पेनमधील आणि अमेरिका खंडांतील स्पॅनिशमध्यें भेद आहे. 'आभारी आहें' या अर्थाचा शब्द स्पेनच्या बहुतेक भागांत 'ग्राथिआस' असा, तर मेक्सिकोंत 'ग्रासिआस' असा ऐकूं येतो. 'तुम्ही सर्व' याला स्पेनमध्यें मित्रमंडळींत वापरावयाचें जें सर्वनाम आहे, तें तिकडे बोलण्यांत नाहीं. पोकेमॉनचे खेळ पुष्कळ वर्षें स्पेनच्याच वळणाचे होते. २०२५ मध्यें निघालेल्या 'लेजंड्स झेड-ए' या खेळांत लॅटिन अमेरिकेची स्पॅनिश प्रथमच निराळी दिलेली आहे. तेव्हां आरंभीं भाषा विचारली जाते, तेथें दोन्हींपैकीं कोणती हें पाहूनच कळ दाबावी.