मुखवट्याआडचा हिशेब

अकोल्यासारख्या तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकविताना उदाहरणांसाठी फार लांब जावे लागत नाही. स्थिर खर्च म्हणजे काय हे सांगायचे असले, की साखर कारखान्याचे नाव पुरते. यंत्रे एकदा बसली, की ऊस एक लाख टन गाळा अथवा दहा लाख टन गाळा, यंत्रांसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज काही बदलत नाही. परिसरातील उसाचा अंदाज न घेता गाळपक्षमता वाढविली, तर कारखाना स्वतःच्याच यंत्रांच्या ओझ्याखाली दबतो. मध्यंतरी वर्गात हेच समजावून देत असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग 'क्रिश'चा चौथा भाग याच कारणाने रखडला का?" वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न माझ्या उदाहरणाहून अधिक चांगला वाटला.

चित्रपटातील एका उडत्या नायकाचे काय होणार, हा विषय अग्रलेखाच्या पानावर कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या नायकाचा मुखवटा लावून एक पिढी अंगणात हुंदडली, त्याचे भवितव्य अनिश्चित का व्हावे, यामागे आपल्या सांस्कृतिक व्यवहाराचे अर्थकारण दडलेले आहे. ते समजून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम हकीकत पाहू. राकेश रोशन यांनी २००३ साली 'कोई... मिल गया' हा चित्रपट काढला. परग्रहावरून आलेला 'जादू' आणि त्याच्या स्पर्शाने शहाणा व बलवान झालेला रोहित यांची ती कथा होती. २००६ च्या जूनमध्ये रोहितचा मुलगा कृष्णा 'क्रिश' होऊन आला. २०१३ च्या दिवाळीत 'क्रिश ३' आला. पिता व पुत्र या दोन्ही भूमिका हृतिक रोशन यांच्याच. दिग्दर्शन वडिलांचे, संगीत काका राजेश रोशन यांचे. त्यानंतर चौथ्या भागाच्या वार्ता येत राहिल्या व विरत राहिल्या. मार्च २०२५ मध्ये मात्र असे जाहीर झाले, की चौथा भाग स्वतः हृतिक दिग्दर्शित करणार आणि निर्मितीत राकेश रोशन यांच्यासमवेत आदित्य चोप्रा असणार. म्हणजे तिसरा भाग येऊन गेल्यावर नुसत्या घोषणेलाच अकरा वर्षांहून अधिक काळ लागला. आणि घोषणा म्हणजे चित्रपट नव्हे.

तिकीट सारखे, बाजार वेगळा

हा विलंब केवळ आळसाचा अथवा अनास्थेचा आहे असे मानणे अन्यायाचे होईल. चित्रपट हा जवळजवळ संपूर्णपणे स्थिर खर्चाचा धंदा आहे. पहिली प्रत तयार होईपर्यंतच सारा पैसा ओतावा लागतो. पुढच्या प्रेक्षकापाठीमागे येणारा सीमान्त खर्च नगण्य असतो. तेव्हा सर्व प्रश्न असा, की हा एकदाचा खर्च किती तिकिटांवर वाटला जाणार? अमेरिकेतील अतिमानवी नायकाचा खर्च साऱ्या जगावर वाटला जातो. आपल्या नायकाचा खर्च मुख्यतः हिंदी समजणाऱ्या प्रेक्षकावर पडतो. मात्र तिकिटाच्या खिडकीवर दोघांचा दर एकच असतो! हिंदी भाषांतरासह आलेल्या 'ॲव्हेंजर्स : एंडगेम'ने २०१९ साली भारतात प्रचंड गल्ला जमविला, तेव्हाच ही विषम स्पर्धा सर्वांच्या ध्यानी आली. ज्या मुलाने ती करामत पाहिली, तो आपल्या नायकाच्या उड्डाणात उणीव दिसताच हसतो. ते हसू टाळायचे तर खर्च वाढवायचा, आणि खर्च वाढवायचा तर तो भरून निघण्याइतका प्रेक्षक आणायचा कोठून? कमी उसाच्या टापूत मोठी गाळपक्षमता, ती हीच.

दुसरी गोष्ट काळाची. नायकाचे नाव हे एक प्रकारचे भांडवलच असते, आणि यंत्रांप्रमाणे त्याचाही घसारा होतो. आज पदवीच्या वर्गात बसणारा विद्यार्थी 'क्रिश' आला त्या सुमारास जन्मला, आणि शेवटचा भाग आला तेव्हा तो पहिली-दुसरीत होता. ज्यांना या नायकाचे खरे वेड होते ते आता नोकरी-संसारात गुंतले. ज्यांच्यासाठी असे चित्रपट काढावयाचे त्या मुलांना तो ठाऊकच नाही. म्हणजे थांबण्याचे प्रत्येक वर्ष खर्च वाढविते आणि भांडवल झिजविते.

घरच्या दारातील प्रेक्षकाचाही विचार केला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्यावरील तिकिटास १८ टक्के कायम राहिला. ही सवलत स्वागतार्ह खरी, परंतु शहरांतील बहुपडदा चित्रगृहांत शंभर रुपयांच्या आतील तिकीट किती वेळा मिळते? तालुक्याच्या गावाहून चौघांचे कुटुंब घेऊन जाणाऱ्या कारकुनाला एस.टी.चे भाडे धरून जो हिशेब करावा लागतो, त्यात असा चित्रपट वर्षातून एखाद्या वेळीच बसतो. मग तो उत्तमच निवडतो, आणि बहुधा परदेशी निवडतो.

गंधर्वांचा आणि पेंढारकरांचा धडा

पण खर्च हे एकच कारण नव्हे. अमेरिकेतील 'सुपरमॅन'ची कथा येथे उद्बोधक आहे. १९७८ साली सुरू झालेल्या त्या मालिकेचा चौथा भाग खर्चाला कात्री लावून काढला गेला व १९८७ साली आपटला. पुढला चित्रपट येण्यास २००६ साल उजाडले. पुन्हा २०१३, पुन्हा २०२५. प्रत्येक खेपेस नट नवा, दिग्दर्शक नवा, नायक तोच. तेथे पात्र ही संस्थेची मालमत्ता आहे, नटाची नव्हे. म्हणूनच एकोणीस वर्षांचा खंड पडूनही ते मेले नाही. 'क्रिश'चे तसे नाही. तो एका घराचा नायक आहे. १९७४ साली जन्मलेल्या एका नटाच्या शरीराशी त्याचे भवितव्य बांधलेले आहे.

मराठी माणसाला हा पेच नवा नाही. बालगंधर्वांनी १९१३ साली सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. भरजरी शालू, उंची अत्तरे, खरेखुरे दागिने. प्रेक्षकांना जे दाखवायचे ते अस्सलच, हा त्यांचा बाणा. त्या वैभवाबरोबर कर्जाचा डोंगरही वाढत गेला. मंडळी म्हणजेच बालगंधर्व, असे समीकरण झाले होते. वय उतरू लागले, बोलपट आला, आणि १९३५ साली स्वतः बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त उभे राहिले. मंडळीचा सुवर्णकाळ परत आला नाही. याउलट केशवराव भोसले यांची 'ललितकलादर्श' पाहा. १९२१ साली केशवराव ऐन उमेदीत गेले. मंडळी तेथेच संपावयाची. पण बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली आणि त्यांच्यामागे भालचंद्र पेंढारकरांनी ती पुढे चालविली. गायक गेला, गादी राहिली. केशवरावांची थोरवी त्यामुळे उणावली असे कोणी म्हणणार नाही.

लहान चूल

मग करावे काय? केवळ खर्च कापून भागत नाही, हे १९८७ च्या 'सुपरमॅन'ने दाखविले. कथेचीच मांडणी खर्चाच्या मापाने केली पाहिजे. ही वाट दक्षिणेने चोखाळली आहे. २०२१ च्या 'मिन्नल मुरली'त केरळातील खेड्यातला एक शिंपी वीज पडून बलवान होतो. २०२४ च्या तेलुगू 'हनु-मान'मध्ये गावचाच पोरगा नायक आहे. २०२५ च्या 'लोका'ने मल्याळी लोककथेतील यक्षिणीलाच नव्या काळात आणले आणि खर्चाच्या कैक पटींनी गल्ला मिळविला. या चित्रपटांनी अमेरिकेशी करामतीत बरोबरी करण्याचा हट्ट धरला नाही. जे अमेरिकेपाशी नाही ते दाखविले. आपल्याकडे निखिल महाजन यांच्या 'बाजी'ने २०१५ साली मराठी मुखवटाधारी नायक उभा करून पाहिला. तो प्रयत्न पुढे सरकला नाही, याची खंत वाटते. खंडोबापासून वेताळापर्यंतचे भांडार ज्या भाषेपाशी आहे, तिला नायक उसना आणावा लागू नये.

यावर कोणी म्हणेल, की जे संपत आले ते सुखाने संपू द्यावे. पुन्हा पुन्हा तेच नायक उकरून काढणे हे कल्पकतेचे दारिद्र्य आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतही २०२३ साली 'द मार्व्हल्स' प्रेक्षकांनी नाकारला, ते अतिपरिचयाच्या कंटाळ्यामुळेही असेल. तथापि 'क्रिश'चे दुखणे अतिपरिचयाचे नसून विस्मृतीचे आहे. आणि त्याच्या मूळ कथेतच उपाय आहे. आजीला दिलेल्या शब्दाखातर आपली शक्ती लपविणारा कृष्णा सर्कशीच्या आगीतून मुलांना वाचविताना तुटका मुखवटा उचलून तोंडावर धरतो, आणि क्रिश जन्मतो. तिसऱ्या भागाच्या अखेरीस तर त्याचे तान्हे मूलही शक्ती घेऊन येते. मुखवटा हा चेहरा झाकण्यासाठीच असतो. मग तो एकाच चेहऱ्याची मिरास का व्हावा? हृतिक रोशन यांनी दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसून तो मुखवटा एखाद्या विशीतल्या मुलाच्या, अथवा मुलीच्या, हाती दिला, तर खर्चही आटोक्यात येईल आणि वारसाही टिकेल.

महाशिवरात्रीस अगस्ती आश्रमाच्या यात्रेत खेळण्यांची दुकाने लागतात. काही वर्षांपूर्वी तेथे काळ्या मुखवट्यांची माळ टांगलेली असे. अलीकडे त्या जागी लाल-निळे 'स्पायडरमॅन' लटकतात. दुकानदाराला मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, पोरं जे मागतात ते आणतो." अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मागणीचा नियम याहून सोप्या शब्दांत सांगितलेला मी वाचलेला नाही. मात्र पोरांनी काय मागावे, हे त्यांना आपण काय दाखवितो यावर ठरते.