लहान आकडा, जास्त विरघळणं

आमची लेक यंदा शाळेत एपी केमिस्ट्री करते आहे. एका रात्री तिने विचारलं, ‘बाबा, सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर क्रोमेट, पाण्यात जास्त काय विरघळतं?’ पुस्तकात दोघांचे विद्राव्यता गुणाकार, म्हणजे केएसपी, दिलेले. क्लोराइडचा १.८ गुणिले १० चा उणे १० वा घात, क्रोमेटचा १.१ गुणिले १० चा उणे १२ वा. मी भांडी विसळता विसळता सांगून टाकलं, ‘क्लोराइड. आकडा दीडशेपटीहून मोठा आहे ना!’

दुसऱ्या दिवशी वहीत लाल फुली. बाप बी.एस्सी. केमिस्ट्री!

मग कागद घेऊन बसलो. केएसपी हा विरघळलेल्या आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार. क्षार किती विरघळला ते तो थेट सांगत नाही. क्लोराइड विरघळलं की चांदीचा एक आयन सुटतो, क्लोराइडचा एक. लिटरमागे ‘स’ मोल विरघळले तर गुणाकार स × स. वर्गमूळ काढलं, ०.००००१३ मोल. क्रोमेट मात्र चांदीचे दोन आयन सोडतं, आणि गुणाकारात चांदी दोनदा घ्यावी लागते: २स × २स × स. इवल्या संख्या दोनदा गुणण्याऐवजी तीनदा गुणल्या, तर उत्तर आणखी इवलं होणारच. घनमूळ काढल्यावर स आला ०.००००६५. म्हणजे क्रोमेटच पाचपट जास्त विरघळतं.

तेव्हा कॉलेजची लॅब आठवली. मोहर पद्धतीचं टायट्रेशन: मिठाच्या पाण्यात थोडं पोटॅशियम क्रोमेट, वर ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट. आधी पांढरा साका, आणि क्लोराइड संपत आलं की मगच टिकणारा विटकरी रंग. बोटांवरचे काळे डाग कितीतरी दिवस जात नसत, पण पांढरा आधी का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

केएसपीची थेट तुलना चालते ती आयनांची घडण सारखी असेल तेव्हा. बेरियम सल्फेट आणि बेरियम कार्बोनेट, दोन्ही एकास एक. कार्बोनेटचा केएसपी वीसपटीहून मोठा, म्हणून ते पाचेकपट जास्त विरघळतं. सल्फेट पोटाच्या एक्सरेआधी पेशंटला पाजतात. कार्बोनेट उंदरांचं विष म्हणून वापरलेलं.

‘फक्त पाचपटीने एवढा फरक?’ लेक म्हणाली.

या वेळी मी हात पुसून बसलो. पाचपट हे नुसत्या पाण्यातलं. जठरात आम्ल असतं. ते कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड करतं, गुणाकारातला एक भिडू सतत नाहीसा होतो, आणि बेरियम सुटतच राहतं. सल्फेटवर त्या आम्लाचा फारसा परिणाम होत नाही.

तिने ऐकून घेतलं, आणि पुस्तकात ताडून पाहिल्यावरच वहीत लिहिलं.