दुरुस्तीतला नफा

गेल्या हंगामात आदिलाबादच्या बाजारात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर गाडी भरण्याआधी फोन उघडावा लागला. 2025-26 च्या हंगामापासून ‘कपास किसान’ हे ॲप आले. नोंदणी त्यातच आणि कापूस आणायचा दिवस धरून ठेवायचा तोही त्यातच. लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव जाहीर झालेला होता, पण तिथवर पोचायला जमिनीचा कागद, आधार आणि ओटीपी येणारा फोन, हे सगळे एका माणसाच्या हाती असायला हवे. बेला-जैनथकडे मक्त्याने जमीन करणाऱ्याची, ज्याला तेलुगूत कौलू रैतू म्हणतात त्याची, अडचण नेमकी इथेच. पीक त्याचे आणि जमिनीचे पासबुक मालकाचे. शिवाय ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कापला जातो, बारावर गेला की माल परत. धरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री पाऊस आला तर फोनमधल्या तारखेला त्याचे काय सोयरसुतक? ॲपवर सगळ्यांनी तोंडसुख घेतले आणि ते रास्तच होते. खंत निराळी आहे. घरटी एक इंजिनीअर असल्याच्या गप्पा मारणाऱ्या या गावात त्या उणिवेकडे धंदा म्हणून पाहणारे कोणी दिसले नाही. आणि त्याच हंगामाच्या शेवटी, 18 फेब्रुवारी 2026 ला, उणिवांवरच उभ्या राहिलेल्या एका मराठी कंपनीला शेअर बाजारात उतरून दहा वर्षे झाली.

ती कंपनी म्हणजे क्विक हील. तिचे संस्थापक कैलाश काटकर सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, शिक्षण दहावीपर्यंत, हातातले काम कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे. पुण्यात आधी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान, मग 1993 साली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस, आणि धाकटे भाऊ संजय यांनी लिहिलेले अँटिव्हायरस 1995 मध्ये बाजारात. या आरंभकथेचे पोवाडे पुष्कळ झाले आहेत, ते पुन्हा गाण्याचे कारण नाही. त्यातली एकच गोष्ट उचलण्याजोगी आहे: अँटिव्हायरस हा प्रकार काटकरांनी शोधला नव्हता. नॉर्टन होते, मॅकॅफी होते, दोन्ही नाव कमावलेली. पण दुरुस्तीला आलेल्या संगणकाकडे पाहणारा माणूस आणि दूरच्या कचेरीत बसून प्रोग्रॅम लिहिणारा माणूस यांना दोष वेगवेगळे दिसतात. विषाणू सापडला, एवढ्याने गिऱ्हाईक समाधानी होत नाही. त्याला आपली फाइल परत हवी असते. उत्पादनाच्या नावातच ‘हील’ आहे, आणि तिथे वैद्यापेक्षा मेकॅनिकची बुद्धी अधिक दिसते.

या मालाचे खरे दशक मात्र पुढचे, साधारण 2000 ते 2010. आज त्याची आठवण काढली की लोक डायल-अपच्या किरकिरीवर हसतात आणि पुढे जातात. पण आदिलाबादसारख्या, तेव्हाच्या आंध्रच्या उत्तर टोकावरच्या गावात संगणक म्हणजे काय होता? बहुधा डीटीपीचे दुकान. विंडोज एक्सपीची कुठून तरी आणलेली सीडी, पेजमेकर आणि कोरलड्रॉ, तेलुगूसाठी अनु, मराठीसाठी श्रीलिपी. दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आत-बाहेर, आणि प्रत्येकाबरोबर आपोआप चालू होणारा एखादा विषाणू. अशा ठिकाणी विकतच्या अँटिव्हायरसचा खरा स्पर्धक नॉर्टन नव्हता. तो होता ‘फॉरमॅट मारू या’ म्हणणारा मुलगा. काही रुपयांत यंत्र कोरे करून द्यायचा, आणि त्याबरोबर सबंध लग्नसराईच्या पत्रिका जायच्या. एव्हीजीसारखे फुकटचे अँटिव्हायरसही मिळत होते. तरीही डब्यातली सीडी पैसे मोजून नेणारे लोक होते, कारण ती गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या दुकानदाराने विकलेली असे. त्याला त्यात कमिशन होते, आणि म्हणून पुन्हा बिघडले तर त्याला तोंड दाखवावे लागे. परदेशी मालात प्रोग्रॅम चांगला असेल, पण हा माणूस नव्हता. सुधारणा नेहमी प्रोग्रॅमच्या ओळींतच होते असे मानणाऱ्यांनी हा काळ पुन्हा तपासावा. 2007 मध्ये कंपनीने क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतले आणि 2010 मध्ये सिक्वोयाने 60 कोटी रुपये गुंतवले. तोवर नफ्याची घडी याच दुकानांनी बसवली होती.

डीटीपीच्या त्याच टेबलावर दुसराही धंदा, आपल्या लिप्यांच्या टंकांचा, चालू होता आणि त्याचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे, कारण त्याचा हिशेब अजून कोणी मागितलेला नाही. पेजमेकरला देवनागरी येत नव्हती. पुण्याच्या, बंगळूरच्या, हैदराबादच्या कंपन्यांनी ती त्यावर चढवली. हीसुद्धा अस्सल दुरुस्तीच, आणि तिच्याविना मराठी वृत्तपत्रे संगणकावर आलीच नसती. पण प्रत्येक कंपनीने अक्षरांची सांकेतिक मांडणी आपापली ठेवली. एकीकडे टाइप केलेला मजकूर दुसरीकडे उघडला की नुसता चिखल. मग यंत्राच्या पाठीला डाँगल, म्हणजे कुलूप. आदिलाबादेत एकाच पत्रिकेत वधूकडचा मजकूर तेलुगूत आणि वराकडचा मराठीत असणे अगदी नेहमीचे. तो एका पानावर नीट बसवण्याच्या कसरतीत या कुलपांची किंमत कळे. युनिकोड तेव्हा अस्तित्वात होते, एक्सपीलाही देवनागरी येत होती. एकमेकांचा मजकूर सहज वाचता यावा ही पुढची दुरुस्ती करण्याऐवजी या धंद्याने कुलूप सांभाळले. गूगलने फुकट टंकलेखन दिले तेव्हा कुलूप राहिले, दार गेले. मराठी माणसाने मराठीसाठी केले, म्हणून याला हात लावायचा नाही, हा संकोच आता सोडायला हरकत नाही.

आक्षेप दोन येतात. पहिला, दुसऱ्याचे पाहून केलेले ते नकलेचेच काम. हा आक्षेप घेणाऱ्याच्या दुकानात बहुधा टॅली चालू असते. जमाखर्च टॅलीच्या गोएंकांनी 1986 मध्ये शोधला नव्हता. तो करण्याची रीत त्यांनी आपल्याकडच्या मुनीमजींना झेपेल अशी केली. पत्रे लिहिण्याचा किंवा गिऱ्हाइकांची नोंद ठेवण्याचा प्रोग्रॅमही झोहोचा शोध नव्हे. तरी 1996 मध्ये ॲडव्हेंटनेट म्हणून निघालेल्या त्या कंपनीने 2011 मध्ये तेनकाशीजवळच्या खेड्यात कचेरी थाटली, आणि 2025 मध्ये केंद्रीय आयटी मंत्र्यांनी आपले काम झोहोवर नेत असल्याचे जाहीर केले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: मोठा मासा एक दिवस गिळतोच. खरे आहे. 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर अँटिव्हायरस फुकट येऊ लागले. 2016 मध्ये 321 रुपयांना दिलेला क्विक हीलचा शेअर पहिल्याच दिवशी त्याखाली बंद झाला. घरगुती ग्राहकाची जागा आक्रसत गेली आणि कंपनीला सेक्राइट या नावाने कंपन्यांच्या दारी जावे लागले. पण याचा अर्थ पहिली दुरुस्ती व्यर्थ होती असा लावणे म्हणजे विहीर आटली म्हणून आधीची पिके नाकारणे. मासा गिळेपर्यंत सतरा वर्षे मिळाली. आदिलाबादेतल्या किती धंद्यांना तेवढी मिळतात?

आमच्याकडे आयटीचा उत्साह आला तो वेगळ्या वाटेने. 2014 मध्ये तेलंगणा राज्य झाले, 2016 मध्ये जिल्ह्याचे चार झाले, आणि लहान शहरांत आयटी नेण्याच्या घोषणा आल्या. बाहेरच्या कंपन्यांची कामे इथे बसून करणाऱ्या कचेऱ्या निघाल्या, आणि मुलांना घराजवळ पगार मिळाला हे चांगलेच झाले. पण सेवेचे काम म्हणजे दुसऱ्याने सांगितलेला दोष काढणे. स्वतःला दिसलेला दोष काढणे हा निराळा धंदा आहे, आणि तो पाहण्याची सवयच लागत नाही. उदाहरणार्थ, याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात सापडलेली गोंडी लिपी 2018 मध्ये युनिकोडमध्ये गेली. त्या लिपीत एका दुकानाचे बिल छापून देणारा प्रोग्रॅम मात्र बाजारात दिसत नाही.

बाजार लहान आहे, असे म्हटले जाईल. तसा तो दिसतो, कारण तो राज्याच्या नकाशावर मोजला जातो. कापसाचा पट्टा पैनगंगा ओळखत नाही. किनवट, पांढरकवडा, राजुरा, आदिलाबाद हे एकच शिवार आहे, फक्त एकीकडे सातबारा आणि दुसरीकडे पट्टादार पासबुक, एकीकडे मराठी पावती आणि दुसरीकडे तेलुगू. सीसीआयच्या ॲपच्या जागी खाजगी ॲप येणार नाही, हे उघड आहे. पण त्याच्या अलीकडचे सगळे मोकळे पडले आहे: ओलावा किती भरला आणि किती कापला, उचल किती, हमाली किती, हाती काय आले. जमिनीच्या नोंदींचे धरणी पोर्टल गेले, भू भारती आले. मक्त्याने जमीन करणाऱ्याचे नाव कागदावर कुठे लिहायचे हा प्रश्न तसाच आहे. आजही अडत्या हिशेबपट्टी हाताने लिहितो, फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो. फोटो हललेला निघाला तर वजनाचा आकडा तीन की आठ, हे विचारायला शेतकरी फोन करतो, आणि फोन दुकानातला दुसराच कोणी उचलतो.