मिठाच्या भावात चारोळी

बासुंदीवर पेरायची चारोळी आज वाण्याकडे बदामापेक्षा महाग मिळते. बस्तरच्या आठवडी बाजारात हीच चारोळी वजनाला वजन घालून मिठाच्या बदल्यात घेतली जायची. शेरभर चारोळी, शेरभर मीठ. ही काही फार जुन्या काळची गोष्ट नाही, विसाव्या शतकातही हा हिशेब बराच काळ चालू होता. आदिवासी भोळा, म्हणून व्यापाऱ्यानं लुटला, असं त्यावर सहज बोललं जातं. लूट होतीच, पण भोळेपणाचं म्हणाल तर मला ते पटत नाही. मीठ कुठून, कसं आणि कुणाकुणाच्या हातून यायचं ते पाहिलं की हा भाव वाटेवरच ठरत गेलेला दिसतो. त्या वाटेवरचं मोठं ठाणं म्हणजे रायपूर.

रायपूरला सगळ्यात जवळचा समुद्र ओडिशाचा. तोही सरळ रेषेत चारशे किलोमीटर, आणि मधे डोंगर नि जंगल. रेल्वे येण्याआधी मीठ यायचं ते बैलाच्या पाठीवरून, आणि आणायचे बंजारे, म्हणजे आपल्याकडचे लमाण. बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबणारी गोणी, तीत शंभर-सव्वाशे किलोचा भार, आणि दिवसाची मजल जेमतेम चार-पाच कोसांची. बैल वाटेतल्या रानात चरायचे, चाऱ्याला पैसा पडायचा नाही, म्हणूनच हा धंदा परवडायचा. पावसाळ्यात सगळं ठप्प. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहितो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावं लागे, अशी त्याची तक्रार आहे. आपल्या घाटातल्या वाहतूक कोंडीला ही परंपरा आहे म्हणायची. या बंजाऱ्यांच्या बंजारी मातेचं देऊळ रायपूरजवळ रावांभाठ्याला आजही गजबजलेलं असतं.

1795 साली कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज अधिकारी चुनारहून निघून या मुलखातून गेला. त्याच्या टिपणात दोन आकडे आहेत. सुकाळात छत्तीसगडचं धान्य बाहेर न्यायला एक लाख बैल लागतात, आणि मीठ आणायला वर्षाकाठी तीन ते पाच हजार. हे आकडे ऐकीव असणार, पण त्यांच्यातली तफावत बोलकी आहे. धान्य घेऊन गेलेले बैल परत येताना मीठ आणू शकत होते, तेव्हा बैलांची टंचाई हे काही कारण नव्हे. मीठ थोडं येत होतं कारण ते विकत घ्यायला इथल्या माणसाच्या हातात काही उरतच नव्हतं, असा माझा कयास आहे.

का उरत नव्हतं, याचं उत्तर शोधताना मराठी माणसाला जरा अवघडायला होतं. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांच्या फौजेनं छत्तीसगडची तेव्हाची राजधानी रतनपूर घेतली. 1758 पासून नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. दसऱ्याला सोनं वाटायची रीत त्यांनीच छत्तीसगडात रुजवली असं मानतात. 1787 मध्ये बिंबाजी वारले आणि सुभेदारीचा अंमल सुरू झाला. विठ्ठलराव दिनकर या सुभेदारानं परगणे पाडले, त्यांवर कमाविसदार बसवले, हाताशी फडनवीस दिले. जमिनीच्या वसुलीखेरीज करही वेगवेगळे होते: मालाच्या ये-जावर सायर, दारूवर कलाली, शेती न करणाऱ्यांवर पंडरी. शिवाय जमीनदार आपापल्या हद्दीत नाकी लावून बसलेले. गोणीतलं मीठ प्रत्येक नाक्यावर थोडं थोडं महाग होत पुढं सरकायचं. वसूल जायचा नागपूरला, आणि तो भरायचा तर धान्य विकल्यावाचून गत्यंतर नसायचं. त्या लाख बैलांच्या पाठीवर व्यापार किती आणि वसुली किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

1818 मध्ये कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला आणि कर्नल ॲग्न्यूनं मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. बुढापारा नावाचा मोहल्ला त्या जुन्या रायपूरचाच. बूढ़ातालाबाच्या काठची ही वस्ती, शेजारी कलचुरी राजांच्या किल्ल्याची जागा. 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, पण छत्तीसगडचा कारभार 1956 पर्यंत नागपूरशीच जोडलेला राहिला. मराठी कारकून, वकील, मास्तर येत राहिले. माधवराव सप्रे त्यांच्यातलेच. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणाऱ्या सप्र्यांच्या नावाची शाळा बूढ़ातालाबापाशी आहे. 1877 मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, याच बुढापाऱ्यात राहायला आला. नंतरच्या वर्णनांप्रमाणे नागपूरपासूनचा प्रवास बैलगाडीनं जंगलातून पंधरवडाभर चालला होता. तोवर माणसांची वाट आणि मालाची वाट एकच होती.

मग 1880 च्या दशकात रेल्वे आली. बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग 1891 पर्यंत आसनसोलला जाऊन भिडला. 1900 साली रायपूरपासून धमतरीपर्यंत छोटी लाइन झाली आणि धमतरी हे बस्तर-कांकेरच्या मालाचं बंदर झालं. लाकूड, लाख, कातडी आणि हिरडा इथून गाडीवर चढू लागला. आपल्या आजीच्या बटव्यातला हिरडा विलायतेत कातडी कमवायला लागे, आणि मागणी मोठी होती.

त्याच्या काही दशकं आधी जगाच्या दुसऱ्या टोकाला अशाच व्यापाराला धक्का बसला होता. कॅनडात हडसन बे कंपनीची ठाणी 1670 पासून बीव्हरची कातडी गोळा करत. तिथं हिशेबाचं नाणंच बीव्हरचं कातडं होतं. बंदूक, कांबळं, तंबाखू, सगळ्याची किंमत कातड्यांत. लंडनच्या बाबूंनी बीव्हरच्या टोप्या सोडून रेशमी टोप्या घातल्या आणि जंगलातल्या शिकाऱ्याचा भाव पडला.

छत्तीसगडात हे लाखेच्या बाबतीत दोनदा झालं. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर एक बारीक किडा राळ सोडतो. किलोभर लाखेला काही लाख किडे खपतात. आधी भाव होता तिच्यातल्या लाल रंगाला. 1870 च्या सुमाराला रासायनिक रंग आले आणि तो गेला. मग ग्रामोफोन आला. 78 फेऱ्यांच्या तबकडीत दगडाची भुकटी धरून ठेवायला लाखच लागे. 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. बालगंधर्वांचं गाणं महाराष्ट्रानं घरोघर ऐकलं ते अशाच लाखेवर. 1948 नंतर प्लॅस्टिकच्या तबकड्या आल्या आणि लाखेला पुन्हा उतरती कळा लागली. कांकेरच्या माणसाला यातलं काहीच कळायचं नाही. गेल्या बाजाराला मिळालं तेवढं मीठ या बाजाराला मिळत नाही, एवढंच त्याला दिसे.

आणि रेल्वे आल्यावर मीठ स्वस्त व्हायला हवं होतं ना? झालंही, पण धमतरीपर्यंत. शिवाय 1888 पासून मणामागं अडीच रुपये सरकारी कर. तिथून पुढं केशकालचा घाट चढून आतल्या बाजारापर्यंत मीठ पोचवणारा एकटा कोचिया, म्हणजे फिरता दलाल. बाजार आठवड्यातून एकदा, विकत घेणारा एकच आणि मीठ विकणाराही तोच. चारोळी घरी परत नेता येते, पण मिठाशिवाय आठवडा काढता येत नाही. भाव ठरायला एवढं पुरेसं होतं.

अशा एकहाती खरेदीत पुढं सरकार उतरलं: 1964 मध्ये मध्य प्रदेश सरकारनं विडीच्या तेंदूपत्त्याची खरेदी कायद्यानं आपल्या हाती घेतली. आता चारोळीच्या गुठलीलाही, म्हणजे फळातल्या कठीण बीलाही, हमीभाव आहे. चार-पाच किलो गुठली फोडावी तेव्हा किलोभर चारोळी निघते, आणि गिऱ्हाइकाच्या किमतीतला मोठा हिस्सा ती फोडल्यानंतरच चढतो. पण चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळं पिकायची वाट पाहायला आज कुणी तयार नसतो. आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल, या धास्तीनं कच्चीच झोडपली जातात, कुठं कुठं तर फांदीसकट. कच्च्या गुठलीत दाणा बारीक निघतो, आणि व्यापारी तो बोटांनी चिरडून पाहतो नि भाव पाडतो.